रोपे वाटून बाग होत नाही
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘परिसरातील कुटुंबांसाठी सामुदायिक परसबाग आणि तिच्या कार्यशाळा’ हा विषय संयोजकांनी माझ्याकडे सोपवला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी शेतकीतज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि गादीवर बसून व्यापार करणारा माणूस आहे. त्यामुळे बी कसे पेरावे यापेक्षा पेरलेले बी टिकावे यासाठी व्यवस्था कशी असावी, याविषयीच मी प्रामुख्याने बोलणार आहे.

दरवर्षी पावसाळा आला की ठिकठिकाणी रोपवाटपाचे कार्यक्रम होतात. तुळस, कढीपत्ता, मिरची, टोमॅटो यांची रोपे दिली जातात, छायाचित्रे निघतात, चहापान होते. दिवाळीत त्याच घरांतून डोकावले तर बहुतेक कुंड्यांत वाळकी काडी उभी असते. कुणाला झाडाची आवड नसते असे नाही. पण पाणी कुणी घालायचे, सुट्टीत गावी गेल्यावर कुणाकडे पाहायचे, कीड पडली तर कुणाला विचारायचे, हे ठरलेले नसते. माझे आजचे सांगणे एका वाक्यात असे, की रोपे वाटून बाग होत नाही, जबाबदारी वाटून बाग होते.

एके काळी हे शिकवावे लागत नव्हते. वाड्याच्या मागे न्हाणीघराचे पाणी जाई तिथे अळू आणि केळ असे, कुंपणाला शेवगा असे, मांडवावर दोडका किंवा घोसाळे चढलेले असे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना कोणते बी कोणत्या नक्षत्रावर टाकायचे हे तोंडपाठ असे. वाडे पडून सदनिका झाल्या, तेव्हा मागची मोकळी जागा गेली आणि तिच्याबरोबर हे ज्ञानही गेले. आजच्या मुलाला भेंडीचा भाव कदाचित सांगता येईल, पण भेंडीचे फूल पिवळे असते हे त्याने पाहिलेले नसते. एकेका सदनिकेच्या सज्जात पुरेसे ऊन येत नाही. पालेभाजीला निदान तीन-चार तास आणि फळभाजीला पाच-सहा तास थेट ऊन लागते. ते ऊन गच्चीवर असते आणि गच्ची सर्वांची असते. म्हणून शहरातील परसबाग ही सामुदायिक असणे सोयीचे, किंबहुना अपरिहार्य आहे.

या कामाला लागणारी पहिली वस्तू माती. आणि इथेच आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे काम झालेले आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर (१९२४–२००१) यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने शेतकऱ्यांचे एकमेकांकडून शिकणारे जाळे उभे केले. प्रत्येक कुटुंबाने आपल्याच अंगणात प्रयोग करावा, त्याची नोंद ठेवावी आणि शेजाऱ्याला सांगावी, ही त्यांची रीत होती. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरील शेतीचा प्रसार केला. रसवंतीवाले फेकून देतात ती उसाची चिपाडे, पालापाचोळा आणि घरातील ओला कचरा पिशव्यांत व पिंपांत भरून ते अगदी थोड्या मातीत भाजी घेत. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर श्रीमती प्रीती पाटील आणि तेथील कर्मचाऱ्यांनी २००२ च्या सुमारास अशीच बाग सुरू केली. रोज शेकडो माणसांचा स्वयंपाक होणाऱ्या त्या जागी जो ओला कचरा बाहेर टाकला जाई, त्याचेच खत होऊन त्यावर भाजी आणि फळझाडे वाढली. तिथे शिकलेल्या अनुभवातून पुढे नागरिकांच्या कार्यशाळाही होऊ लागल्या.

ही कृती अवघड नाही. एक भाग ओला कचरा आणि दोन भाग वाळका पाला असे थर द्यावेत. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये, इतका ओलावा ठेवावा. आठवड्यातून एकदा खालीवर करावे. दोन ते तीन महिन्यांत मातीसारखा वास येऊ लागला की खत तयार झाले असे समजावे. दुर्गंधी आली तर पाला कमी पडला आहे, हे ओळखावे. तीन पिंपे ठेवली की एक भरत असते, एक मुरत असते आणि एक वापरात असते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे नागरिकांचे कर्तव्य ठरवले. ते कर्तव्य कंटाळत पार पाडण्यापेक्षा त्याची मेथी करून खाणे अधिक आनंदाचे आहे.

आता गच्चीविषयी. बागेचा विषय निघाला की प्रत्येक इमारतीत पहिला प्रश्न येतो तो गळतीचा, आणि तो रास्त आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न वजनाचा आहे. भारतीय मानकानुसार माणसांची ये-जा असलेली सपाट गच्ची दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरून आखली जाते. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर पसरला तर त्याचे वजन दर चौरस मीटरला ५०० किलोच्या घरात जाते. म्हणून गच्चीवर मातीचे वाफे पसरू नयेत. पाला, खत आणि नारळाचा भुसा यांनी भरलेल्या हलक्या कुंड्या व पिशव्या वापराव्यात. त्या विटांवर किंवा जाळीवर उचलून ठेवाव्यात, म्हणजे खाली पाणी साचणार नाही आणि लादी दिसत राहील. शक्यतो त्या भिंतींच्या आणि तुळयांच्या रेषेवर मांडाव्यात. इमारत जुनी असेल तर अभियंत्याचा लेखी अभिप्राय घेतल्यावाचून एकही कुंडी वर नेऊ नये. उत्साहाच्या भरात ही पायरी गाळली, तर पुढे बाग आणि शेजारधर्म दोन्ही मोडतात.

यानंतर कार्यशाळा. एका रविवारी तीन तास व्याख्यान, शेवटी रोप भेट, ही पद्धत मला अपुरी वाटते. प्रश्न पडतात ते रोप घरी गेल्यानंतर. कार्यशाळा पिकाच्या वयाबरोबर चालली पाहिजे. माझी सूचना चार बैठकांची आहे. आरंभ मृगात न करता दिवाळीच्या आसपास करावा. धो धो पावसात कुंडीतील कोवळी पालेभाजी कुजते आणि नवशिक्याचा हिरमोड होतो.

पहिल्या बैठकीत माती आणि खत भरावे व मेथी पेरावी. टोमॅटोचे बीही त्याच दिवशी टाकावे. दुसरी बैठक चार आठवड्यांनी घ्यावी. तोपर्यंत मेथी काढणीला येते. आपल्या हातची पहिली जुडी घरी नेणारे कुटुंब तिसऱ्या बैठकीला हमखास येते. याच दिवशी टोमॅटोची रोपे मोठ्या कुंडीत लावावीत. तिसऱ्या बैठकीत कीड आणि पाणी यांचा विचार व्हावा. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर प्रथम पाण्याच्या फवाऱ्याने तो धुऊन काढावा आणि रोगट पाने खुडावीत. तेवढ्याने भागले नाही तर निंबोळी तेलाचे सौम्य द्रावण वापरावे. लहान मुलांचे हात जिथे जातात त्या बागेत विषारी औषध कदापि आणू नये. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात, कारण डेंग्यूचा डास अंड्यातून उडण्याइतका मोठा व्हायला आठ-दहा दिवसच लागतात. चौथी बैठक जानेवारी अखेरीस. लाल टोमॅटोची तोडणी, पुढच्या हंगामासाठी बी राखणे, फेब्रुवारीत भेंडी व गवार लावण्याची तयारी आणि झालेल्या खर्चाचा हिशेब.

प्रत्येक बैठकीला कुटुंबातील दोन पिढ्या याव्यात, असा माझा आग्रह राहील. आजीला बी ओळखता येते आणि नातवाला जिना चढता येतो. दोघांना एकमेकांची गरज आहे, हे या निमित्ताने दोघांनाही कळेल.

आता जबाबदारीच्या वाटपाकडे वळतो. समजा बारा कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाच्या सहा कुंड्या आहेत. एकूण ७२ कुंड्या झाल्या. उन्हाळ्यात मोठ्या कुंडीला रोज एक ते दोन लिटर पाणी लागते. म्हणजे दिवसाला साधारण १०० लिटर, पाच मोठ्या बादल्या. हे पाणी कुठून येणार आणि कोण घालणार, हे कागदावर लिहिल्याशिवाय पहिले बी टाकू नये. बारा कुटुंबांच्या सहा जोड्या कराव्यात. सोमवार ते शनिवार एकेका जोडीचा वार, आणि रविवारी सर्वांनी एकत्र यावे. जोडीतील एक घर बाहेरगावी असले तरी दुसरे असते. वही गच्चीच्या दाराशी टांगलेली असावी आणि ज्याने पाणी घातले त्याने सही करावी. खरी कसोटी मे महिन्याची. सुट्टीत सगळी घरे एकदम रिकामी होतात आणि उन्हाचा तडाखाही तेव्हाच असतो. म्हणून मे महिन्यापूर्वी निम्म्या कुंड्या रिकाम्या करून माती झाकून ठेवावी, हे आधीच ठरवावे.

उत्पन्नाचीही रीत ठरलेली असावी. स्वतःच्या कुंडीतले स्वतःचे. सामाईक वेलावरचा दोडका किंवा शेवग्याच्या शेंगा पाळीने. वही उघडी असली की मनात शंका राहत नाही. भांडणे मोठ्या रकमेवरून क्वचितच होतात. ‘काल चार काकड्या होत्या, आज दोनच कशा’ अशा गोष्टींवरून ती होतात.

परंतु कुटुंबांनी सर्व काही केले आणि जागेची हमी नसली, तर काय होते? याचे सर्वांत बोलके उदाहरण परदेशातील असले तरी आपल्याला लागू पडणारे आहे. न्यूयॉर्क शहरात १९७३ साली लिझ ख्रिस्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅनहॅटनमधील एका पडीक, कचऱ्याने भरलेल्या भूखंडावर बाग केली. पुढच्याच वर्षी महानगराने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली. हे पाहून शहरभर शेकडो बागा झाल्या, आणि १९७८ मध्ये शासकीय योजनाही आली. पण जागा शहराच्या मालकीची आणि परवानगी तात्पुरती. १९९९ साली, जमिनीला भाव आल्यावर, महापौर जुलियानी यांच्या प्रशासनाने ११४ बागा लिलावात काढल्या. नागरिकांनी मोठे आंदोलन केले, आणि अखेर दोन संस्थांनी चाळीस लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजून त्या बागा विकत घेतल्या. २००२ मध्ये उरलेल्या शेकडो बागांविषयी न्यायालयीन तडजोड झाली. वीस-पंचवीस वर्षे कुटुंबांनी जी माती तयार केली, तिचे भवितव्य एका कागदावर अवलंबून होते.

याउलट इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने, नागरिकांनी मागणी केल्यास भाजी पिकवण्यासाठी लहान भूखंड उपलब्ध करण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. १९२५ च्या कायद्याने अशा कामासाठी घेतलेली जमीन शासनाच्या संमतीशिवाय विकण्यास अटकाव केला. भूखंड घेणारा वार्षिक भाडे भरतो आणि जमीन पडीक ठेवली तर त्याला नोटीस येते. हमी आणि अट, दोन्ही बाजू लेखी आहेत. म्हणूनच तिथे ही रीत शंभर वर्षांहून अधिक टिकली.

बागेने घरखर्च वाचेल का, असे पुष्कळजण विचारतात. खरे उत्तर असे, की फारसा नाही. सहा कुंड्यांतून आठवड्याला एखादी पालेभाजी, कोथिंबीर आणि मोसमात थोडे टोमॅटो मिळतील. मंडईची पिशवी बंद होणार नाही. लाभ अन्यत्र आहे. एकाच जिन्यावर राहून ज्यांनी एकमेकांचे नावही विचारले नाही, ती घरे वाराच्या निमित्ताने बोलू लागतात. भाड्याने राहणारे कुटुंब, नव्याने लग्न होऊन आलेली सून, निवृत्त झालेले गृहस्थ, यांना त्या वहीत सहीची एक जागा मिळते. आजोबा दोन दिवस पाणी घालायला आले नाहीत, तर कुणीतरी दार वाजवून चौकशी करते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझी नम्र विनंती आहे. आपल्या इमारतीच्या गच्चीची अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. ती योग्य ठरल्यास तिचा एक भाग परिसरातील बारा कुटुंबांना तीन वर्षांसाठी, लेखी अटींसह द्यावा. पाण्याची एक तोटी आणि खताची तीन पिंपे संस्थेने द्यावीत, बाकी सर्व कुटुंबांनी करावे. तीन वर्षांनी वही तपासावी. सह्या नियमित असतील तर मुदत वाढवावी. नसतील तर निःसंकोच जागा परत घ्यावी. रोपवाटपाचा खर्च यापेक्षा कमी येत नाही, हे आपण कोषाध्यक्षांना विचारून पाहावे.