आधी बेरीज, मग खरेदी



मी बँकेतला कारकून, संगणकाचा तज्ज्ञ नव्हे. तरी घरच्या संगणकाने मला शिकवलेला धडा आपल्यापुढे ठेवतो.

मुलाला ॲनिमेशनच्या अभ्यासासाठी ग्राफिक्स कार्ड हवे होते. वर्षभराच्या आवर्ती ठेवीचे पैसे काढले, कुर्ल्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठले आणि लॅमिंग्टन रोडवरून आरटीएक्स ३०६० आणले. पण काम वाढले की संगणक बंद पडे. मी कार्डाला दोष दिला. दोष जुन्या पॉवर सप्लायचा होता.

त्यावर '४५० वॅट' असे ठळक छापले होते. खालचे बारीक कोष्टक मी वाचलेच नव्हते. १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर, म्हणजे फक्त २१६ वॅट! कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही त्यावरच चालतात. एकटे कार्डच १७० वॅट घेते. कंपनी त्यासाठी ५५० वॅटचा सप्लाय सुचवते. खात्यातली शिल्लक न पाहता चेक फाडावा, तसे झाले. आणि दिवसभर लोकांना तेच समजावणारा मी!

मित्रांनो, आधी बेरीज करा. जीटीएक्स १६५० सारखी बरीच कार्डे मदरबोर्डाच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागवतात. कार्ड बसवताना प्लग काढा. सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नका. वीज तोडल्यावरही आत विद्युतभार उरतो.

कष्टाचा पैसा ठळक आकड्याला भुलून घालवू नका. बारीक अक्षर वाचायची सवय लावून घ्या.