ऐकणाऱ्या यंत्राची हजेरी

श्रोतेहो, या घटकेला आपण माझें बोलणें ऐकत आहां. परंतु कोण ऐकतो आहे व कोठें बसून ऐकतो आहे, हें मला कळण्यास कांहीं मार्ग नाहीं. आपल्या रेडिओला कान आहेत, तोंड नाहीं. ही साधी गोष्ट आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, आज ज्या यंत्रांविषयीं मी बोलणार आहें त्यांच्या बाबतींत ती खरी ठरत नाहीं. आणि तें ठाऊक नसल्यामुळें माझा एक जुना विद्यार्थी संकटांत सांपडतां सांपडतां वांचला.

मी वारज्यास राहतों. मुठा नदी आमच्यापासून दूर नाहीं, व खडकवासल्याचें धरण आमच्या वरच्या अंगास आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें व त्या लोंढ्यानें खडकवासलेंही फुटलें, ती हकीकत वडिलांच्या तोंडून ऐकतच मी मोठा झालों. २५ जुलै २०२४ च्या पहांटे खडकवासल्यांतून सेकंदाला ३५,००० घनफुटांहून अधिक पाणी सुटलें, सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत तें लोकांच्या घरांत शिरलें, आणि लष्कराला पाचारण करावें लागलें. पाणी येण्याआधीं बातमी कां आली नाहीं, हा प्रश्न त्या दिवशीं नदीकांठच्या प्रत्येक घरांत विचारला गेला.

यंदा पावसाळा तोंडावर आला असतां तो विद्यार्थी घरीं आला. पिशवींतून एक वॉकीटॉकी काढून त्यानें टेबलावर ठेविला व म्हणाला, "गुरुजी, हा कंपन्यांच्या कामाचा जुना संच आहे. परदेशांत लोक असल्या संचांवर पोलिसांचें आणि अग्निशामक दलाचें बोलणें घरबसल्या ऐकतात. आपणही ऐकूं. पुढच्या वेळीं पाणी सोडल्याची वर्दी आपल्याला आधीं लागेल."

मीं विचारलें, "हा नुसता ऐकतो, कीं बोलतोही?"

"बोलण्याची कळ मी दाबणारच नाहीं, गुरुजी."

हेतु चांगला होता. समजूत मात्र जुन्या काळची होती. जुन्या काळीं जो बोले तो सांपडे, ऐकणारा सांपडत नसे. २७ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईंत काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलूं लागला, तेव्हां उषा मेहता व त्यांचे सहकारी एका जागेवरून दुसऱ्या जागीं यंत्र हलवीत राहिले. कारण लहरी कोणत्या दिशेनें येतात हें शोधणाऱ्या पोलिसांच्या गाड्या रस्त्यांतून फिरत होत्या. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं तें केंद्र पकडलें गेलें. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली, व १९४६ सालीं त्या आपल्या येरवड्याच्या तुरुंगांतून सुटल्या. पण घरोघर कान लावून तो रेडिओ ऐकणारे जे होते, त्यांचा माग त्यांच्या यंत्रांवरून कोणाला काढतां येणार होता?

आतां ट्रंक पद्धतीचा रेडिओ म्हणजे काय तें सांगतों. ज्यांना ट्रंक कॉल आठवतो त्यांना हा शब्द परका नाहीं. तेथें दोन गांवांमधील मोजक्या तारा सर्वांच्या सामाईक असत व जी मोकळी असेल ती मागणाऱ्यास मिळे. बिनतारी यंत्रांतही तेंच तत्त्व आहे. मी शिक्षक, तेव्हां शाळेचाच दाखला देतों. शाळेंत तुकड्या वीस आहेत व खोल्या आठच आहेत, असें समजा. प्रत्येक तुकडीला कायमची खोली देणें शक्य नाहीं. आणि सर्वच तुकड्यांना एकाच वेळीं खोली लागते असेंही नाहीं. म्हणून व्हरांड्यांत एक शिपाई उभा आहे. ज्या तुकडीला तास घ्यावयाचा असेल ती त्याला सांगते, आणि तो ओरडतो, "सातवी ब, खोली तीन." तास संपला कीं खोली पुन्हां मोकळी. रेडिओच्या व्यवस्थेंत खोल्या म्हणजे बोलण्याचे मार्ग, तुकड्या म्हणजे संभाषणाचे गट, आणि शिपाई म्हणजे सतत आज्ञा देणारा एक स्वतंत्र नियंत्रण-मार्ग. मात्र येथला तास कित्येकदां एका वाक्याचाच असतो, व शिपायाचें काम सेकंदाच्या अल्पशा अंशांत उरकतें.

यामुळें एकाच खोलीच्या दाराशीं कान लावणाऱ्यास एकदां बीजगणित ऐकूं येतें, मग भूगोल, मग कांहींच नाहीं. संभाषण सलग ऐकावयाचें तर शिपायाची आरोळीच समजली पाहिजे. कंपन्यांचे संच ती समजण्यासाठींच घडविलेले असतात, म्हणून हौशी लोक त्यांच्या मागें लागतात.

परंतु त्याच संचांत हजेरी देण्याची संवयही मुरलेली असते. संच चालू होतांच तो जवळच्या मनोऱ्याला आपला क्रमांक व आपला गट कळवितो. त्यासाठीं कोणी कळ दाबावी लागत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याचें लक्ष बोटाकडे होतें. यंत्र त्याच्या अपरोक्ष "हजर" म्हणावयास सिद्ध होतें. क्रमांक अनोळखी असला तर व्यवस्था चालविणाऱ्यांस तो दिसतो, व कित्येक व्यवस्थांत ते असा संच दुरूनच मुका व बहिरा करूं शकतात. आणि अंदाजानें घातलेला क्रमांक एखाद्या खऱ्या शिपायाचा किंवा बंबवाल्याचा निघाला तर? एका हजेरीक्रमांकावर दोन मुलें बसलीं कीं वर्गांत जो गोंधळ होतो तोच येथें होतो. फरक इतकाच कीं, येथें साद चुकून दुसरीकडे जाते ती मदतीची असते.

याहून सूक्ष्म अपाय आणखी एक आहे, आणि मला तोच अधिक गंभीर वाटतो. अनेक मनोऱ्यांच्या व्यवस्थेंत ज्या मनोऱ्याखालीं एखाद्या गटाचा एकही संच हजर नसेल, तेथें त्या गटाचें बोलणें सहसा पाठविलेंच जात नाहीं. खोली उगाच अडकूं नये हा हेतु. आतां आमच्या गच्चीवर ही खोटी हजेरी लागली, तर दूरच्या गटाचें प्रत्येक वाक्य आमच्या मनोऱ्यावरील एक मार्ग अडवूं लागेल. पुराच्या रात्रीं सगळेच गट एकदम बोलत असतात. नदीकांठीं उभ्या असलेल्या माणसानें कळ दाबावी व त्याला मार्ग मोकळा मिळूं नये, इतकें आमच्या नुसत्या ऐकण्यानें घडूं शकतें. परदेशांतील जाणते हौशी आपल्या यंत्राची हजेरीची वाचाच बंद करतात, किंवा केवळ ऐकणारेंच यंत्र वापरतात, तें यासाठीं.

शिवाय पुष्कळ ठिकाणीं बोलणें आतां गूढलिपींत बांधलेलें असतें. तेथेंही गर्व नको. २०२३ सालीं डच संशोधकांनीं दाखविलें कीं, टेट्रा या प्रसिद्ध पद्धतींतील एका कुलपाची ऐंशी अंकी म्हणविणारी किल्ली वस्तुतः बत्तीस अंकांचीच होती. पण कुलूप कच्चें आहे म्हणून घर आपलें होत नाहीं. १९३३ च्या बिनतारी अधिनियमापासून आपल्याकडे असें यंत्र जवळ बाळगण्यासही परवाना लागत आला. आपल्या वडिलांचा साधा रेडिओसुद्धां त्यांतून सुटला नव्हता, पोस्टांत वर्षाचे पैसे भरावे लागत. २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील अल्पशक्तीच्या संचांना सूट आहे. मात्र २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानें दुसऱ्याचा संदेश बेकायदा टिपण्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही, सांगितलीं आहेत.

"मग आम्हीं कांहींच ऐकूं नये काय?" विद्यार्थ्यानें जरा रागानेंच विचारलें. त्याचा राग मला अयोग्य वाटला नाहीं. मीं त्याला विनीता कामटे यांची हकीकत सांगितली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईंत कामा रुग्णालयाजवळ त्यांचे पति अशोक कामटे हे पोलीस अधिकारी मारले गेले. त्या रात्रीं काय घडलें हें जाणण्यासाठीं विनीताबाईंनीं माहितीच्या अधिकारानें नियंत्रण कक्षांतील बिनतारी संदेशांच्या नोंदी मागितल्या, त्या मिळविल्या, वेळा जुळविल्या, व २००९ सालीं विनीता देशमुख यांच्यासह पुस्तक लिहिलें. जें बोलणें त्या रात्रीं कोणाही नागरिकाच्या कानीं पडलें नाहीं, तें एका बाईनें अर्ज करून, उजळ माथ्यानें वाचलें.

विद्यार्थी बराच वेळ गप्प बसला. मग त्यानें संचाची बॅटरी काढली, व दुसऱ्या दिवशीं ज्याच्याकडून तो घेतला होता त्याला परत केला. पैसे मात्र अर्धेच मिळाले. त्याच आठवड्यांत माझ्याच टेबलावर बसून त्यानें एक अर्ज लिहिला. २५ जुलै २०२४ रोजीं पाणी सोडण्याचा निर्णय किती वाजतां झाला, बिनतारी यंत्रावरून तो कोणाला किती वाजतां कळविला, आणि नदीकांठच्या वस्तीला किती वाजतां, इतकेच प्रश्न. शुद्धलेखन मीं तपासलें. उत्तराला कायद्यानें तीस दिवसांची मुदत आहे. आज एकविसावा दिवस.