कात्रण आणि रिकामी चौकट



जुन्या वर्तमानपत्राचा उपयोग काय, असे बीडच्या कोणत्याही घरी विचारा. फडताळात अंथरावयास, नाही तर पुड्या बांधावयास, हेच उत्तर मिळेल. म्हणून कात्रणांचे संग्रहालय म्हटले की हसू येते. पण ज्यांना बखरीत जागा मिळाली नाही, त्यांचा इतिहास पुष्कळदा या रद्दीतच सापडतो.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी १६ मार्च १८२७ रोजी न्यूयॉर्कात 'फ्रीडम्स जर्नल' काढले. तोवर त्यांच्याविषयी दुसरेच बोलत होते. शंभर वर्षांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, चवदार तळ्याच्या घटनेनंतर दोन आठवड्यांनी, बाबासाहेबांचे 'बहिष्कृत भारत' निघाले. तारखांचा हा योगायोग. नाते मात्र तसे नव्हे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामी मोडणाऱ्यांस. १९४६ साली बाबासाहेबांनी डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. आपल्याकडे असे दालन उभारले तर ही पत्रे शेजारी-शेजारीच लागावीत.

मांडावे कसे? माझे म्हणणे, कात्रणच करू नये. पूर्ण पान लावावे. शेजारच्या जाहिराती आणि बाजारभाव पाहिल्यावाचून, संपादकाने या बातमीला कोपरा दिला की मथळा, हे कळत नाही. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. उजेडात पिवळा पडून तुटतो. भिंतीवर छायाप्रत लावावी, मूळ पान अंधारात ठेवावे. डिंक आणि चिकटपट्टी तर शत्रूच!

पण पहिली चौकट मी रिकामी ठेवीन. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात, पैसे देऊ केले असतानाही, 'केसरी'ने छापली नाही. न छापलेल्या जाहिरातीचे कात्रण कोठून आणणार? कोणी म्हणेल, लोकांना वाटेल चित्र खाली पडले. वाटू द्या. खालची ओळ वाचावयास ते वाकतील, एवढे मला पुरे.

आता आपल्याकडे एक मागणे. घरच्या ट्रंकेतली रद्दी विकण्यापूर्वी एकदा उलगडून पाहा. जपण्याजोगे पान सापडले तर ते कोणाकडून, कोठून आले, हे वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहून सोबत ठेवा. तारीख फाटलेली असली तरी पान टाकू नका. मागच्या बाजूच्या बातमीवरून ती बहुधा काढता येते.