दार विकण्याआधी

आज आपण बोलणार आहोत जुन्या घरातल्या लाकडाबद्दल. ‘हे तर सुताराचं काम, त्यात बायकांनी काय बोलायचं?’ असं म्हणू नका. उंबरठ्यावर रांगोळी आपण काढतो, चौकटीला हळदीकुंकू आपण लावतो. पण घर पाडायचं ठरलं, की दाराचा भाव ठरवताना आपल्याला कुणी विचारत नाही.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. कृष्णाकाठचा, सहा चौकांचा, अठराव्या शतकातला. मुलाबाळांना घेऊन एकदा बघून या. खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट, ही बांधणी तिथं नीट दिसते.

आपल्या साध्या घराचीही रीत तीच. घर केवढं, ते आपण खणांत सांगतो. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. छपराचा भार खांबांवर असतो, भिंत आडोशाला. खांबाखाली दगडी तळखडा असतो, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. आपला भाग हा असा हादरणारा. भिंत ढासळली तरी खांब आणि सांधे धड असतील, तर छप्पर तग धरू शकतं. म्हणून ‘मध्ये येतो’ म्हणून खांब कापू नका. खांबाच्या पायाशी खिळा टोचून बघा. तो सहज आत गेला, तर लाकूड कुजलंय. लगेच सुताराला बोलवा.

सांगलीकडच्या मैत्रिणींनी २०१९ चा आणि २०२१ चा महापूर सोसलाय. पुरात भिजलेलं दार आधी गाळ धुऊन सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हात ते तडकतं, पिळवटतं. ओलं असताना रंग लावू नका, ओल आतच कोंडते. पुरतं वाळल्यावर जवसाच्या तेलाचा हात द्या. तेलाची फडकी मात्र गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

आता विकायची गोष्ट. व्यापारी दारात येऊन म्हणतो, ‘जुनं झालंय, जळणाच्या भावात देऊन टाका.’ तेव्हा आधी टेप घ्या. सहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड इंच जाड दार म्हणजे सव्वादोन घनफूट लाकूड. चौकट वेगळी. सागवान आहे का, ते ओळखीच्या सुताराकडून बघून घ्या. नक्षीचे फोटो काढा, दोन ठिकाणी भाव विचारा. तेच दार नव्या घराला बसेल का, हेही विचारा.

आणखी एक. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यात तशी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली, देशभर २००५ साली. घर वाटणीत असेल, तर त्याचे खांब-दरवाजेही वाटणीतच येतात. माहेरचं घर उतरवायची बोलणी चालू असतील, तर तिथं जाऊन बसा. भांडायला नको, पण व्यवहार आपल्यासमोर होऊ द्या.

तुमच्या घरचं सगळ्यात जुनं दार कोणतं, आम्हाला जरूर कळवा.