पंचवटीत उमललेला स्वर : दत्तात्रेय विष्णु पलुसकर
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगी एका नाशिककर बालकाचे स्मरण करावयाचे आहे. तो जैन कुळातला नव्हता. परंतु ज्या नाशिकला म्हसरूळच्या गजपंथ सिद्धक्षेत्राचे सान्निध्य लाभले, त्याच नाशिकच्या पंचवटीत त्याचे बालपण रामनामाच्या घोषात गेले. सातपूरहून पंचवटी म्हणजे शहराचे दुसरे टोक. पण इतकेही दूर नव्हे की त्याचे नाव विसरले जावे.

दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचा जन्म २८ मे १९२१ रोजी नाशिक येथे झाला. पिता गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर. बालपणी फटाक्याच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी गायनविद्या संपादन केली. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजदरबाराच्या आश्रयावाचून, लोकांच्या बळावर संगीताची शाळा चालविणे हे त्या काळी धाडसच होते. पुढे मुंबईतील विद्यालयाची वास्तू कर्जापायी हातची गेली. उत्तरायुष्यात पंडितजी रामभक्तीकडे वळले व पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम उभारला. त्यांची अनेक अपत्ये अल्पवयात निवर्तली होती. दत्तात्रेय तेवढा वाचला.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी पंडितजींचे देहावसान झाले, तेव्हा हा मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. नाव मोठे, पण पाठीशी धनसंचय नाही. अशा मुलाचा कंठ वाया जाण्यास कितीसा अवधी लागतो? येथे पंडितजींची खरी मिळकत कामी आली, ती म्हणजे त्यांचे शिष्य. ज्यांना त्यांनी आपल्या घरी ठेवून, अन्नवस्त्र देऊन शिकविले, त्यांनीच गुरुपुत्राला हाताशी धरले. चुलतबंधू चिंतामणरावांनी पाया घातला. पं. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यास गांधर्व महाविद्यालय सुरू केले होते. तेथे दत्तात्रेयाचे शिक्षण झाले. पं. नारायणराव व्यासांचेही मार्गदर्शन लाभले. विनायकराव शिस्तीचे, तर नारायणराव ध्वनिमुद्रिकांमुळे घरोघर पोहोचलेले. दोघांकडून घेतलेले दत्तात्रेयाने एकजीव केले. कोणाची नक्कल केली नाही.

१९३५ साली, चौदाव्या वर्षी, जालंदरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात त्याने गायन केले. १८७५ पासून चालत आलेला हा मेळा. पंजाब ही तर वडिलांची कर्मभूमी. म्हणजे समोर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या कानांत प्रत्यक्ष विष्णु दिगंबरांचा धीरगंभीर आवाज असणार, आणि मंचावर मिसरूडही न फुटलेला मुलगा! त्यातून चौदावे वर्ष मुलाच्या गळ्याला अवघड असते. स्वरयंत्र वाढते, आवाज फाटतो, कालचा तार षड्ज आज हाती लागत नाही. अशा वयात जाणता गुरू शिष्याला ओरडून गाऊ देत नाही. खालच्या स्वरात, थोडेच, पण दररोज गाववून घेतो. अलीकडे दूरचित्रवाणीच्या स्पर्धांत मुलांना महिना-दोन महिन्यांत कीर्ती मिळते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र स्पर्धा संपल्यावर त्या मुलाला रोज तासभर बसवणारे कोणी आहे का, हे पाहावयास हवे.

ही चिंता जैन समाजाला परकी नाही. तेराव्या शतकातील जैन आचार्य पार्श्वदेवांनी ‘संगीतसमयसार’ हा संगीतशास्त्रावरील ग्रंथ रचला. १३५० मध्ये वाचनाचार्य सुधाकलशांनी ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ लिहिला. भक्तामर स्तोत्राचे वसंततिलका वृत्त तर मुळातच गेय. असा वारसा असताना पर्युषणात चित्रपटगीतांच्या चालींवर स्तवने म्हटली जातात, हे ऐकताना संकोच वाटतो. पाठशाळेत धार्मिक शिक्षकाबरोबर एक गायनशिक्षक नेमण्याचा खर्च एका दिवसाच्या मंडपसजावटीहून बहुधा अधिक होणार नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्तांनी याचा विचार करावा.

दत्तात्रेयाच्या गायनात ग्वाल्हेर परंपरेची सुबकता होती. राग थोडक्या वेळात पूर्ण उभा राही, ताना मोत्यांसारख्या स्वच्छ. आणि भजन! शास्त्रीय गायनाची करामत तेथे बाजूला राही, शब्द न शब्द स्पष्ट उमटे. भजनात गळ्याचे कौशल्य दाखविण्याचा मोह टाळणे हे मोठ्या गायकांनाही कठीण जाते. आश्रमात ऐकलेले रामनाम त्याला यासाठी उपयोगी पडले असावे.

१९३८ मध्ये तो आकाशवाणीवर गायला, १९४४ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात नौशादांनी तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ यांचा, तर बैजूसाठी पलुसकरांचा स्वर घेतला. देसी रागातील त्या सामन्यात कथेनुसार बैजू जिंकतो. वयाने नऊ वर्षांनी वडील असलेल्या खाँसाहेबांनी ती हार आनंदाने गायिली आहे, असे ऐकताना वाटते. १९५५ मध्ये भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर पलुसकर चीनला जाऊन आले.

त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला मुंबईत मेंदूज्वराने त्यांचे निधन झाले. वय चौतीस. पित्याला एकोणसाठ वर्षे तरी लाभली होती. मागे राहिल्या त्या बहुतांशी तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या आणि काही मैफलींचे ध्वनिमुद्रण. त्यांपैकी एक भजन आता, या व्याख्यानानंतर, पाठशाळेतील मुलांना ऐकविले जाणार आहे. कृपया शांतता राखावी.

जय जिनेंद्र.