आठवी-नववीतील मुलांस अभियांत्रिकीची ओळख



बारावीत यश मिळविलेल्या मुलामुलींचा आज आपण गौरव केला, तो यथोचितच आहे. मला मात्र मागील रांगांत बसलेल्या आठवी-नववीतील मुलांविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

आपल्या कित्येक घरांत अभियांत्रिकीचा विचार बारावीचा निकाल लागल्यावर सुरू होतो. वस्तुतः वाटा त्यापूर्वीच फुटलेल्या असतात. दहावीनंतर एक वाट अकरावी विज्ञानाकडे जाते. तेथे गणित सोडले, तर बहुतेक अभियांत्रिकी शाखांची दारे मिटतात. दुसरी वाट तंत्रनिकेतनातील तीन वर्षांच्या पदविकेकडे जाते व तेथून पदवीच्या द्वितीय वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. जो निर्णय पंधराव्या वर्षी करावयाचा, त्याची पूर्वतयारी तेराव्या वर्षी नको काय?

पूर्वतयारी म्हणजे शिकवणीवर्ग नव्हे. मुलाने काम प्रत्यक्ष पाहावे, एवढाच माझा आशय आहे. पुण्याजवळील खडकवासला धरणावर 1903 साली विश्वेश्वरय्या यांनी योजिलेले स्वयंचलित दरवाजे बसविण्यात आले. पाणी ठराविक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत आणि उतरले की मिटत. हे कसे घडत असेल, असा प्रश्न ज्या मुलास पडेल, त्याची अभियांत्रिकीशी ओळख झालीच. नारायणगावानजीक खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे; राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती जनतेस पाहावयास मिळते. अशा एका सहलीने जे साधते, ते दहा माहितीपत्रके चाळून साधत नाही.

पदविकेस कमी लेखण्याची आपली सवयही आता सुटावी. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1854 साली सुरू झाले, ते सार्वजनिक बांधकाम खात्यातील कनिष्ठ कर्मचाऱ्यांस शिक्षण देण्यासाठी. तीच संस्था 2022 साली तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली. हाताने काम जाणणाऱ्यांच्या शिक्षणातूनच एवढी मोठी संस्था उभी राहिली, याचा आपणांस विसर पडू नये.

मंडळास माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या ज्ञातीतील अभियंते, पदविकाधारक, कारखान्यांतील कुशल कारागीर यांची एक यादी करावी. दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीत प्रत्येकाने, आपल्या वरिष्ठांची अनुमती घेऊन, दोन-तीन मुलांस आपले काम दाखवावे. त्यांत मुलींस आवर्जून न्यावे; कारखाना हे मुलींचे स्थान नव्हे, ही समजूत बहुधा घरातच रुजते.

पालकांस एवढेच सांगणे की, मुलाच्या वतीने शाखा आधीच ठरवून टाकू नका. संगणकाची शाखा शेजाऱ्याच्या मुलाने घेतली, हे आपल्या मुलाने ती घेण्याचे कारण होऊ शकत नाही. सर्व पाहून झाल्यावर एखादा मुलगा म्हणाला, "हे माझ्या आवडीचे नाही," तर खेद मानू नका. त्याची चार वर्षे आणि कदाचित कर्जाऊ काढावी लागणारी रक्कम वाचली, असे समजा. आणि ज्याचे डोळे लकाकतील, त्याच्या पाठीशी मात्र नेटाने उभे राहा.