दाईला दाराबाहेर उभी करू नका
(सेमाडोह येथे बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज पुढच्या रांगेत आपल्या कोरकू दाया बसल्या आहेत. इथल्या कितीतरी जणींची नाळ यांनीच कापली. म्हणून त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोरच बोलते.

1977 नंतर ग्रामीण आरोग्य योजनेत सरकारनं गावोगावच्या दायांना शिक्षण दिलं. हात साबणानं धुवा, नवं पातं वापरा, मूल आडवं असेल तर दवाखाना गाठा. दाया शिकल्या. मग 2005 साली जननी सुरक्षा योजना आली. पैसा दवाखान्यातल्या बाळंतपणाला जोडला गेला आणि दाई हिशेबातून गळाली.

दवाखाना नको, असं मी म्हणत नाही. अंगावरून रक्त जायला लागलं, झटके आले, तर दाईकडे ना रक्ताची बाटली, ना ऑपरेशन. तिथं दवाखानाच जीव वाचवतो. पण तिथं आपल्याला कसं वागवतात?

एका पावसाळ्यात अडलेल्या पोरीला घेऊन आम्ही एका मोठ्या दवाखान्यात गेलो. घाटभर दाई तिची पाठ चोळत होती. दारातच तिला हटकलं, "तू बाहेर थांब." पोरीला कोरकूशिवाय भाषा येत नव्हती. ओरडली तर बोलणी खाल्ली. दाई मला म्हणाली, "बाई, मी का त्याह्यच्या कामात हात घालणार होती? फकत पोरीचा हात धरून बसली असती."

इंग्लंडातही 1902 च्या कायद्यानं सुईणींची नोंदणी सुरू झाली आणि गावच्या न शिकलेल्या सुईणी हळूहळू मागे पडल्या. पण 1936 च्या कायद्यानं शिकलेल्या पगारी सुईणींची सोय करणं स्थानिक कारभाराला भाग पडलं. 1948 पासून ही सेवा मोफत झाली. सुईण सायकलवरून घरी येई. जुनी गेली, तर उंबऱ्यापर्यंत येणारी दुसरी मिळाली. आपल्याकडे एकट्या नर्सबाईनं किती गावं सांभाळायची?

म्हणून आपलं मागणं साधं आहे. बाळंतिणीला हवी असेल तर दाईला आत येऊ द्या. 2010 नंतर आदिवासी भागात माहेरघरं सुरू झाली, तिथं सोबतीला दाई ठेवा आणि तिला मजुरी द्या. कोरकू बोलणारी एक तरी बाई दवाखान्यात असू द्या.

बायांनो, माहेरघर नाव दिलं, तर तिथं माहेरचं माणूसही पाहिजे. हे मागणं घेऊन आपण सगळ्या मिळून जाऊ. आणि त्या दिवशी दाया पुढच्याच रांगेत असतील.